अर्जात वडिलांचा मधुमेह ‘नाही’ लिहिलाय

प्रश्न : वडिलांसाठी आरोग्य विमा घेतला. पॉलिसी हाती येऊन १२ दिवस झाले. अर्ज एजंटने भरला, मी नुसती सही केली. आता वाचतो तर ‘मधुमेह आहे का?’ यापुढे ‘नाही’. वडील सहा वर्षं गोळी घेताहेत. एजंट म्हणतो, ‘गप्प राहा, पाच वर्षांनी कंपनी काही विचारू शकत नाही.’ हे खरं आहे का?

उत्तर : अर्धंच खरं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नाही म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही. कालपर्यंत तुमची नजरचूक होती. आज कळल्यावरही गप्प राहिलात तर ते दडवणं ठरू शकतं. शिवाय त्या पाच वर्षांतच वडिलांना दाखल करावं लागलं तर? केसपेपरवर ‘मधुमेह, सहा वर्षं’ अशी नोंद होते आणि कंपनी दाव्यासोबत तोच कागद मागते.

‘अर्ज एजंटने भरला’ या बचावावर विसंबू नका. आयुर्विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मान्य केला नाही. सही करणारा मजकुराला बांधील. मेडिक्लेममध्ये मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवल्यावर झालेली दाव्याची नामंजुरी याच न्यायालयाने २००९ मध्ये योग्य ठरवली. उलट २०२१ च्या निकालात मधुमेह अर्जात नोंदवलेला होता. परदेशात हृदयविकाराचा झटका आल्यावर कंपनीने दावा नाकारला, तेव्हा न्यायालय विमाधारकाच्या बाजूने उभं राहिलं : आजार माहीत असून पॉलिसी दिलीत, आता मागे फिरता येणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे, मधुमेह लिहून द्या. उद्या वाद झालाच तर तीच नोंद तुमच्या कामी येईल.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’ असतो, म्हणजे पॉलिसी वाचून पटली नाही तर परत करण्याची मुभा. तुमच्याकडे त्यातले १८ दिवस उरलेत. आजच कंपनीला ईमेल करा : अर्जातलं उत्तर चुकीचं आहे, वडिलांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे, नोंद दुरुस्त करून लेखी कळवा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. कंपनी हप्ता वाढवेल, किंवा आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ लावेल, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा खर्च मिळणार नाही. तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. हे सोसण्यासारखं आहे.

उत्तर समाधानकारक नसेल किंवा आठवडाभरात आलंच नाही, तर मुदतीच्या आत पॉलिसी परत करा. झालेल्या दिवसांचा हप्ता, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून पैसे मिळतात. मात्र त्याआधी दुसरीकडे अर्ज देऊन ठेवा, वडील मध्येच विम्याविना राहू नयेत. तो अर्ज स्वतः भरा. पॉलिसीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात खोलीभाड्याची मर्यादा आणि सहभुगतान (बिलातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा), हे दोन रकाने आधी वाचा. खोली मर्यादेबाहेरची घेतली तर बहुतेक पॉलिसींत फक्त भाडं नव्हे, डॉक्टरांच्या फीसह बिलाचे इतर भागही त्याच प्रमाणात कापले जातात.

आणि एजंटचा ‘गप्प राहा’ हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल, तर तो संदेश पुसू नका.