आधी जाळी, मग पंप

नळाला धार बारीक येते म्हणून पंप घ्यायला निघाला असाल, तर पैसे आत्ताच देऊ नका. आधी एवढंच बघा: धार एकाच नळाची बारीक आहे, की घरभर?

एकाच नळाची असेल तर तोंडाची जाळी फिरवून काढा. इंदुरात बोअरिंगचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. आमच्या जाळीची भोकंच दिसेनात, नुसता पांढरा थर. दोन तास व्हिनेगरमध्ये बुडवली, जुन्या टूथब्रशने घासली, झालं.

घरभर असेल तर गच्चीवर जा. टाकीखालचा वॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना? आमचा प्लंबर अर्धाच उघडून गेला होता आणि मी महिनाभर पाइपांना शिव्या देत बसलो!

उंचीचा हिशेबही मांडा. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. टाकी शॉवरच्या जेमतेम २ मीटर वर असेल, तर मिळणार ०.२ बार. तिथे साफसफाईने फरक पडत नाही. टाकी उंच करा, नाहीतर पंप लावा.

आणि हो, नर्मदेच्या लाइनीला, म्हणजे शहराच्या नळाच्या पाइपाला, थेट टुल्लू पंप जोडू नका. शेजाऱ्यांचं पाणी तुटतं, शिवाय फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी आधी हौदात घ्या, तिथून वर चढवा.

जाळी काढलीत की धार कशी येते ते कळवा.