जॉर्जियन काळातल्या (साधारण १७१४ ते १८३०) इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर, म्हणजे त्यासाठी नेमलेला अधिकारी, कशी करायचा?

बहुतेक वेळा गावातल्या दारूच्या गुत्त्यात! चेष्टा नाही. बारा-पंधरा माणसं बसतील एवढी खोली तिथेच मिळायची. कॉरोनर निदान १२ पुरुषांची ज्यूरी जमवायचा, शपथ द्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून प्रेत प्रत्यक्ष बघायचं. ते बघितल्याशिवाय चौकशी कायदेशीर धरत नसत. कॉरोनर डॉक्टर असायलाच हवा असंही नव्हतं. १७५२ च्या कायद्याने त्याला दर चौकशीमागे १ पौंड आणि प्रवासाचे मैलाला ९ पेन्स मिळू लागले. साक्षीला येणाऱ्या डॉक्टरला मात्र १८३६ पर्यंत कायद्याने ठरलेली फी नव्हती, त्यामुळे शवविच्छेदन टाळण्याकडेच कल असायचा.

तरी पुरावे गोळा व्हायचे. १७५१ साली हेन्ली गावच्या फ्रान्सिस ब्लँडींच्या मृत्यूच्या प्रकरणात मोलकरणीला ओटच्या पेजेच्या भांड्याच्या तळाशी पांढरी, कचकचीत पूड दिसली. तिने भांडं घासलं नाही, जपून ठेवलं. डॉ. अॅडिंग्टन यांनी ती पूड तापल्या लोखंडावर टाकली, लसणासारखा वास आला, म्हणजे आर्सेनिक हे विष. वडिलांना विष दिल्याबद्दल त्यांची मुलगी मेरी १७५२ मध्ये फासावर गेली.

आत्महत्येचा निकाल मात्र सगळ्यात वाईट. ‘शुद्धीवर असताना केली’ असं ठरलं, तर मालमत्ता जप्त आणि १८२३ पर्यंत चौरस्त्यावर दफन. म्हणून ज्यूरी बहुधा ‘वेडाच्या भरात’ असं लिहून मोकळी व्हायची.

आणि हो, मुंबईतही कॉरोनर होता, अगदी १९९९ पर्यंत.