नागपूर ते जबलपूर, जुन्या सात नंबरनं: आई-बाबा आणि मुलं सोबत असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सत्तरीतले आई-बाबा, आठ आणि बारा वर्षांची मुलं, सात सीटची गाडी, हातात तीन दिवस. नागपूरहून जबलपूरला जुन्या हायवेनं जाताना कुठे थांबायचं आणि गाडीचं काय बघायचं?

सुरुवात झिरो माइलपासून करा. विधानभवनाच्या आग्नेयेला असलेल्या या स्तंभावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. सिवनी ७९ मैल, जबलपूर १७० मैल. मुलांना किलोमीटर काढायला लावा: १२७ आणि २७४. मग मोबाइलवर आजचं अंतर बघू द्या, जवळपास तेवढंच येतं. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरला येणाऱ्या ग्रेट डेक्कन रोडचा हा शेवटचा तुकडा. पुढे तो वाराणसी–कन्याकुमारी या २,३६९ किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्ग सातमध्ये गेला. २०१० मध्ये क्रमांक बदलले. आता लखनादौनपर्यंत ४४ आणि तिथून जबलपूरपर्यंत ३४ अशी पाटी दिसेल. जुनी माणसं अजून सात नंबरच म्हणतात.

सहाला निघालात तर कामठी रोड मोकळा मिळतो. कामठीची छावणी १८२१ ची. पुढे कन्हान नदी ओलांडली की शहर सुटलं. मनसरला उजवीकडे वळून रामटेक करा, जाऊन-येऊन पंधरा किलोमीटरच्या आसपास. पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून पायऱ्या चढायचा हट्ट आई-बाबांसाठी नको, गाडी गडावर देवळाजवळपर्यंत जाते. तरी थोड्या पायऱ्या उरतातच, म्हणून दर्शन ऊन चढायच्या आत. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, वानरं ओढून नेतात. केवल-नरसिंहाचं मंदिर मात्र चुकवू नका. वाकाटक राजांच्या काळातली ती प्रचंड बसलेली मूर्ती आणि भिंतीतला शिलालेख बघायला बहुतेक लोक थांबतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. परत येताना मनसरच्या हिडिंबा टेकडीवरचं उत्खनन अर्ध्या तासात होतं. विटांचं ते बांधकामही वाकाटकांचंच.

आता गाडी, कारण या रस्त्यावर प्रवास बिघडतो तो बहुतेक टायरमुळे. विदर्भात एक समज पक्का आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते, आतले थर सुटतात आणि तापलेल्या काँक्रीटवर शंभरच्या वेगात टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. त्यात पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो. सहा माणसं आणि सामान म्हणजे तोच आकडा धरायचा, मागच्या चाकांना तो बराच जास्त असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. वाटेत मोजली तर तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दिसेल. ती उष्णतेची वाढ आहे, सोडू नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, निघण्याआधी जाणकाराकडून तपासा. स्टेपनीची हवा बघायची राहतेच. बऱ्याच सात सीटच्या गाड्यांत ती पोटाखाली टांगलेली असते आणि डिकीतून लांब दांडा फिरवून खाली सोडावी लागते. घरी एकदा करून बघा. गंजलेली साखळी जंगलात कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेली बरी. कूलंटही इंजिन थंड असतानाच पाहायचं. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, नाहीतर टोल जास्त पडतो.

देवलापार ते खवासा आणि पुढे कुरई घाट हा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाचा पट्टा. महाराष्ट्राच्या हद्दीत इथे रस्ता नऊ ठिकाणी उंचावर नेलाय, सगळ्यांत लांब पूल साडेसातशे मीटरचा. खालून वाघांसकट प्राणी ये-जा करतात. बाजूच्या उंच भिंती आवाज आणि दिव्यांचा झोत अडवण्यासाठी आहेत. या पुलांवर गाडी थांबवून खाली वाकून बघू नका, मागून ट्रक वेगात येतात. माकडांना बिस्किटं तर अजिबात नाही. खाऊ मिळतो हे कळलं की ती रस्त्यावरच बसतात आणि चिरडली जातात. पेट्रोल मनसरलाच भरा, आणि हा पट्टा उजेडातच पार करा.

पहिला मुक्काम मी खवाशाजवळ तुरियाला करेन. जबलपूर गाठायच्या नादात मुलं रडवेली होतात आणि आजी-आजोबांचे पाय सुजतात. सफारी आधी बुक करा. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंद असतो. तुरियातच १९३० चा जंगल सत्याग्रह झाला होता, तिथे गोळीबारात माणसं गेली. मुलांना ते सांगा. दुसऱ्या दिवशी घाट चढायचाय, तेव्हा पोटभर पोहे-तर्री नको. दशमी आणि दही पुरे. ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत बसवा, तिसऱ्या रांगेत हेलकावे जास्त बसतात. परतीला हाच घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये या. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड सुटते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर सिवनीत सीताफळं घ्या, पण जरा कडक बघून. पिकलेली डिकीत संध्याकाळपर्यंत फुटतात. लखनादौनला नीट लक्ष द्या: सरळ ४४ नरसिंहपूरला जातो, जबलपूरला उजवीकडे. जबलपूरच्या अलीकडे तिलवाऱ्याला नर्मदा लागते. तिथून शहरात न शिरता भेडाघाट करता येतो. तिथल्या धुआंधार धबधब्याला आई-बाबांसाठी रोपवे आहे. संगमरवरी कड्यांतली नाव पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे तीच बघायची असेल तर दिवाळीनंतर जा.