व्हेनिसमध्ये गोंडोला की स्थानिक माणसाची छोटी बोट? माझं मत

दोन दिवस हातात, सोबत आईबाबा, आणि पाण्यावरची एकच फेरी बजेटमध्ये बसतेय तर गोंडोला घ्यावा की एखाद्या व्हेनिसकरासोबत छोट्या बोटीतून फिरावं, असं विचारलंयत. छोटी बोट घ्या, डोळे झाकून.

गोंडोला वाईट नाही हो. पण महापालिकेचा ठरलेला दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० (माणशी नाही, अख्ख्या बोटीचा, पाच जणांपर्यंत चालतात) आणि एवढ्याशा वेळात सान मार्को या मुख्य चौकाच्या आजूबाजूच्या दोनचार कालव्यांतून फिरवून आणतात, पुढे गोंडोला, मागे गोंडोला, सगळ्यांचे मोबाईल वर. गोंडोल्यात बसल्याचं समाधानच हवं असेल तर रिआल्टोच्या मासळी बाजारापासून समोरच्या काठावरच्या सांता सोफियापर्यंत ट्रागेटो म्हणजे पलीकडे नेणारी तर चालते ती घ्या, तीही गोंडोलाच, फक्त मोठी आणि दोन जण वल्हवतात, दोन युरोत ग्रँड कॅनॉल पार. फोटोत कुणाला फरक कळणार नाही.

आता छोटी बोट का. तिथल्या जुन्या वाड्यांचं तोंड पाण्याकडे आहे, गल्लीतून चालताना बऱ्याचदा आपण मागच्या दाराशी असतो. ओहोटीच्या वेळी बोट एखाद्या पाणदरवाज्याशी जरा थांबवायला सांगा आणि भिंत खालून वर बघा. आधी शेवाळाने हिरव्यागार झालेल्या पायऱ्या, त्यावर इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचा पट्टा, त्याच्यावर विटा, गिलावा निघालेला आणि मिठाची पांढरी पूड फुटलेली. या वाड्यांच्या पायाखालचे लाकडी खांब चिखलात हवेशिवाय आहेत म्हणून शेकडो वर्षं टिकलेत, आणि दगडाचा पट्टा मुद्दाम घातलाय कारण त्यातून पाणी फारसं वर चढत नाही. पण आता भरतीचं पाणी दगडाच्या वर, थेट विटांपर्यंत जातं आणि मीठ आत शिरून विटा भुसभुशीत होतात. शहराचं खरं दुखणं हेच आहे आणि ते बोटीतून अगदी नाकासमोर दिसतं, पुलावरून कितीही वाकलात तरी नाही दिसत.

रूट विचारलात तर कान्नारेज्जो, म्हणजे शहराचा उत्तरेकडचा भाग. तिकडे तीन लांब सरळ कालवे समांतर जातात, गर्दी कमी असते. मादोन्ना देल्लोर्तो चर्चच्या जवळ, एका जुन्या वाड्याच्या कालव्याकडच्या भिंतीवर दगडात कोरलेला उंट आहे, मालासकट, तो मात्र चुकवू नका. चर्चमध्ये टिंटोरेट्टो या व्हेनिसच्या जुन्या चित्रकाराची चित्रं आहेत आणि त्याला पुरलंयही तिथेच. वेळ उरला तर दक्षिणेकडच्या दोर्सोदुरो भागात सान त्रोवाझोचा स्क्वेरो म्हणजे गोंडोल्यांचा कारखाना, आणि सान बार्नाबाला भाजीवाल्याची बोट. स्क्वेरोत उलटे टाकलेले गोंडोले नीट बघा, दोन्ही बाजू सारख्या नसतात, डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंमी जास्त रुंद असते, कारण वल्हं एकच आणि तेही उजवीकडे, मग बोट सरळ जावी म्हणून ही युक्ती.

बोट वल्ह्याची घ्या, बातेला ही तिथली जुन्या पद्धतीची बोट मिळाली तर उत्तम, रुंद असते, डुलत नाही, आईबाबांना बरी. मोटरवाली लगूनमध्ये (शहराभोवतीच्या उथळ खाडीत) लांब नेते पण अरुंद कालव्यात आवाजाने मजा जाते, शिवाय मोटरबोटींच्या लाटांनी घरांचे पायथे झिजतात म्हणून तिथले लोक वैतागलेलेच असतात. रो व्हेनिस नावाची बायकांची संस्था आहे, त्या उभं राहून वल्हवायला शिकवतातसुद्धा. वल्हं ज्या अक्रोडाच्या लाकडी खोबणीत टेकवतात तिला फोर्कोला म्हणतात, ती एका बाजूने उघडी असते त्यामुळे नवशिक्याचं वल्हं निसटतंच, लाजू नका.

वेळ ठरवण्याआधी भरती-ओहोटी बघा, महापालिका रोज अंदाज देते. भरती जास्त असली तर काही पुलांखालून बोट जात नाही, फारच ओहोटी असली तर छोट्या कालव्यात तळाला टेकते. बोटवाल्याला आधीच विचारा, तो "बघू तेव्हा" म्हणाला तर दुसरा शोधा. आठवड्यातल्या दिवशी सकाळी मालाच्या बोटी असतात, सिमेंट, हॉटेलच्या चादरी, कचरा, वॉशिंग मशीन सगळं पाण्यावरूनच जातं, मला तर ते बघायला फार आवडतं, पण निवांत हवं असेल तर उन्हं उतरल्यावर जा. आणि पैसे घेऊन फिरवायला परवाना लागतो, घाटावर कुणी येऊन स्वस्तात नेतो म्हणाला तर नको.

बोटीत टॉयलेट नसतं, आधी कॅफेत जाऊन या. आईंचे गुडघे दुखत असतील तर बुक करतानाच सांगा की दगडी पायऱ्यांवरून नको, लाकडी किंवा तरंगत्या धक्क्यावरून चढव-उतरव करा, त्या शेवाळाच्या पायऱ्यांवर तरण्याताठ्यांचेही पाय घसरतात.