मुलींना फी माफ आहे, तरी कॉलेज पूर्ण फी मागतंय

दादा, तुमचा मेसेज वाचला. मुलगी ओबीसी, कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रायव्हेट इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, घरचं उत्पन्न दीड लाखाच्या आत, आणि कॉलेजवाले म्हणतायत पूर्ण ट्युशन फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. त्यासाठी तुम्ही बैल विकायला निघालात. थांबा जरा.

8 जुलै 2024 चा महाराष्ट्र सरकारचा जीआर, म्हणजे शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी 100 टक्के माफ, आधी हे 50 टक्केच होतं. पण सीट कॅपचीच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, खाजगी अभिमत (डीम्ड) किंवा खाजगी विद्यापीठालाही नाही. म्हणून आधी अलॉटमेंट लेटर नीट बघा. आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज सबमिट झालाय का तेही बघा, कारण नुसतं रजिस्ट्रेशन करून अर्ज भरला असं समजणारे खूप भेटतात.

डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे मात्र यात येत नाही, ते भरावं लागेल. खरी गंमत इथेच होते, ट्युशनचेच पैसे "डिपॉझिट" नावाने हातचिठ्ठीवर घेतात, शिक्का नाही सही नाही. अशी चिठ्ठी घेऊन एक रुपयाही देऊ नका.

सरकारचे पैसे उशिरा येतात हे खरंय, कॉलेजचं रडगाणं खोटं नाही, पण तो हिशोब त्यांनी मंत्रालयाशी करावा ना, तुमच्या गोठ्याशी कशाला?

आता करायचं काय, तर मुलीच्या सहीने प्रिन्सिपलला साधा अर्ज द्या, फी कोणत्या हेडखाली मागताय ते लेखी द्या म्हणून, सोबत जीआरची प्रत आणि महाडीबीटीची पावती, आणि आपल्या कॉपीवर आवक शिक्का मारूनच बाहेर पडा. नुसत्या या अर्जानेच पुष्कळ कॉलेजं नरमतात, लेखी कोणालाच द्यायचं नसतं. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट. तीच कॉपी तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय ऑफिसला आणि शुल्क नियामक प्राधिकरणाला पाठवा. ओरिजिनल मार्कशीट, टीसी अडवून ठेवली असेल तर तेही लिहा, तसं करता येत नाही.

फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर असेल तर मात्र तक्रारीच्या उत्तराची वाट बघू नका, सरळ हायकोर्टात रिट याचिका टाकायची आणि निकाल लागेपर्यंत फॉर्म भरून घ्यायचा अंतरिम (तात्पुरता) आदेश मागायचा. वकिलाच्या फीची काळजी नको, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज तुमच्या नाही, मुलीच्या नावाने करा. जिल्हा कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं.