अरवलीतली चकोत्री आणि लाल यादी

प्रश्न : माउंट अबूच्या जंगलात चकोत्री (रेड स्परफाउल) दिसली. अरवलीतली उपजाती इतरांपासून तुटलेली आहे म्हणतात. मग आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती ‘किमान चिंता’ गटात कशी?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तो शेरा अरवलीच्या उपजातीचा नाहीच, अख्ख्या जातीचा आहे. पक्ष्यांचं मूल्यमापन जातीच्या पातळीवर होतं, त्यामुळे सह्याद्री-सातपुड्यातल्या चकोत्र्यांच्या आड अरवलीची फिकट ‘कॉरिना’ झाकली जाते. उपजातीचं वेगळं मूल्यमापन नियमात बसतं. अट एवढीच की आधी जातीचं झालेलं हवं.

पण क्षेत्र लहान म्हणून लगेच शिक्का बसत नाही. लाल यादीच्या क्षेत्रावर बेतलेल्या ‘ब’ निकषात व्याप्तीक्षेत्र (जिथे जिथे पक्षी आहे त्या सगळ्या जागांभोवती आखलेल्या हद्दीतलं क्षेत्र) २०,००० चौ. किमीपेक्षा कमी असेल तर ‘असुरक्षित’, ५,००० पेक्षा कमी असेल तर ‘संकटग्रस्त’. शिवाय तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : तुकडे पडलेला किंवा मोजक्या ठिकाणचा वावर, सततची घट, तीव्र चढउतार. घोडं अडतं ते घटीपाशी, कारण जुन्या मोजण्याच नसतात. ‘ठिकाण’ हा शब्दही फसवा. दहा दऱ्यांत पक्षी आहे, पण एकाच वणव्यात दहाही जाऊ शकतात, तर ते ठिकाण एकच.

तुम्ही नोंद करताना तारीख, वेळ, जीपीएस आणि चाललेलं अंतर लिहा. पक्षी झुडपात दडतो, म्हणून ‘दिसला’ आणि ‘ऐकला’ वेगळं ठेवा. आणि काहीच न मिळालेल्या फेऱ्याही नोंदवा. त्या गाळल्या तर पुढे घट मोजताच येत नाही.