समभारिकांची आकडेवारी पारखताना: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रे अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्या आणि किरणोत्सारी क्षय यांच्या आकडेवारीबद्दल होती. एकाच विषयाची असल्याने ती एकत्र घेतली आहेत. जमेल तिथे उदाहरणे वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) ६० च्या साखळीतली, म्हणजे लोह-६०, कोबाल्ट-६० आणि निकेल-६० यांची दिली आहेत.

प्रश्न: ही माहिती मूलद्रव्यागणिक न लावता वस्तुमानांकागणिक का लावतात? कोबाल्टची सगळी समस्थानिके एका जागी मिळाली तर सोपे नाही का?

माहिती शोधणाऱ्याला सोपे, पारखणाऱ्याला नाही. बीटा क्षयात अणुक्रमांक एका घराने सरकतो, वस्तुमानांक मात्र तसाच राहतो. लोह-६० चा कोबाल्ट-६० होतो आणि त्याचा निकेल-६०. कोबाल्ट-६० च्या क्षयातून निघणारे ११७३ आणि १३३२ केईव्हीचे (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) प्रसिद्ध गॅमा किरण खरे तर निकेल-६० च्या ऊर्जापातळ्यांमधून निघतात. म्हणजे कोबाल्टच्या क्षयाचा तक्ता हा निम्मा निकेलचा तक्ता असतो. जनक (क्षय पावणारे अणुकेंद्र) एकाने आणि अपत्य (त्यातून बनणारे) दुसऱ्याने पारखले तर एकाच पातळीच्या दोन ऊर्जा आणि दोन स्पिन (अणुकेंद्राचा कोनीय संवेग) छापून येण्याची पाळी येते. ईएनएसडीएफ या अणुकेंद्रांच्या पारखलेल्या माहितीच्या आंतरराष्ट्रीय संचिकेत म्हणूनच एका वस्तुमानांकाची समभारिके, म्हणजे आयसोबार, शक्यतो एकत्र हाताळतात.

कामाचा क्रमही यातूनच ठरतो. प्रत्येक क्षयाचा आणि प्रत्येक अणुकेंद्रीय अभिक्रियेचा डेटासेट आधी स्वतंत्र लिहायचा. प्रत्येक अणुकेंद्रासाठी 'स्वीकृत पातळ्या आणि गॅमा' हा तक्ता त्यानंतर. मग उलट दिशेने जाऊन स्वीकृत स्पिन, पॅरिटी (पातळीची आरशातली सममिती, धन किंवा ऋण) आणि मिश्रण गुणोत्तरे (एकाच गॅमात दोन प्रकारच्या प्रारणांचे प्रमाण) क्षयाच्या डेटासेटमध्ये भरायची. ही दुसरी फेरी कंटाळवाणी असते आणि घाईत तीच राहून जाते. तक्त्यांमधल्या विसंगती बहुधा तिथल्याच असतात.

अल्फा क्षय या शिस्तीत बसत नाही. त्याचे अपत्य चार घरे खालच्या साखळीत जाते. बीटानंतर न्यूट्रॉन सुटला तर ते एक घर खाली जाते. अशा वेळी शेजारच्या साखळीतला शेवटचा स्वीकृत तक्ता घेऊन चालावे लागते आणि तो कधीचा आहे ते पाहावे लागते.

प्रश्न: एकाच अर्धायुष्याची दोन-तीन मापने जुळत नसतील तर भारित सरासरी घ्यायची की नाही?

भारित सरासरी, म्हणजे जास्त अचूक मापनाला जास्त वजन देणारी सरासरी, ही शेवटची पायरी. लोह-६० चेच घ्या. १९८४ मध्ये त्याचे अर्धायुष्य १४.९ लाख वर्षे, अनिश्चितता २.७ लाख, असे आले. २००९ मध्ये नव्या मापनाने २६.२ लाख वर्षे, अनिश्चितता ०.४ लाख, असे दाखवले. दोहोंतला फरक ११.३ लाख आणि त्या फरकाची एकत्रित अनिश्चितता २.७ लाख. म्हणजे मापने चार सिग्मांहून (एकत्रित अनिश्चिततेच्या चौपटीहून) दूर आहेत. तरीही डोळे मिटून भारित सरासरी काढली तर २६.० ± ०.४ लाख असे देखणे उत्तर येते, कारण नव्या मापनाचे वजन जुन्याच्या ४५ पट आहे. वाद मिटला असे वाटते. प्रत्यक्षात काय-वर्ग (मापने आपल्या अनिश्चिततांच्या मानाने किती विखुरली आहेत त्याचा आकडा) १७ आहे आणि स्वातंत्र्यांक (मापनांची संख्या वजा एक) फक्त एक. त्यामुळे दोहोंपैकी एका मापनात न सांगितलेली चूक आहे असेच मानावे लागते. काय-वर्गाच्या मुळाने अनिश्चितता फुगवली तर ती १.६ लाख होते, पण तोही इलाज नव्हे.

इथे मापन कसे केले ते वाचावे लागते. इतके दीर्घ अर्धायुष्य थेट घटत जाताना दिसत नाही. नमुन्यातल्या अणूंची संख्या मोजायची, क्रियाशीलता (ठरावीक वेळात होणारे क्षय) मोजायची आणि भागाकार करून ०.६९३ ने गुणायचे. अणू मोजताना समभारिक आडवे येते: निकेल-६० स्थिर आहे, सगळीकडे आहे आणि वस्तुमानमापकाला ते लोह-६० पासून सहज ओळखू येत नाही. त्याचा अंश राहिला तर अणूंची संख्या फुगते आणि अर्धायुष्य खोटे लांबते. क्रियाशीलता मोजताना कोबाल्ट-६० ची वाढ पाहतात, कारण लोह-६० चा स्वतःचा बीटा क्षीण आहे. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, रासायनिक शुद्धीकरणानंतर तीन वर्षांनी तो समतोलाच्या (जितका बनतो तितकाच क्षय पावतो त्या अवस्थेच्या) जेमतेम ३३ टक्क्यांपर्यंत पोचतो. शुद्धीकरणात आधीचा कोबाल्ट थोडा जरी राहिला तरी क्रियाशीलता जास्त दिसते आणि अर्धायुष्य आखूड येते. म्हणून शोधनिबंधात दोन गोष्टी शोधाव्यात: निकेलची दुरुस्ती किती केली आणि सुरुवातीचा कोबाल्ट किती होता. त्या दिलेल्या नसतील तर अनिश्चितता कितीही लहान छापलेली असो, तिच्यावर विसंबू नये.

पुढे २०१५ मध्ये लोह-५५ च्या तुलनेत केलेल्या स्वतंत्र मापनातून २५.० ± १.२ लाख असे आले. दोन वेगळ्या रीतींनी केलेली मापने जुळली की निर्णय सोपा होतो. १९८४ चे मूल्य सरासरीत घ्यायचे नाही, पण टिपेत कारणासह नोंदवायचे. गाळलेला आकडा गुपचूप नाहीसा झाला तर पुढचा मूल्यमापक तो 'सापडला' म्हणून परत आत घेतो.

नेमकी चूक सापडत नसेल तेव्हा यांत्रिक नियम कामी येतात. धरा, तीन मापने आहेत: १२.४० ± ०.१०, १२.५५ ± ०.०८ आणि १२.९० ± ०.०५ तास. साधी भारित सरासरी १२.७४, अंतर्गत अनिश्चितता (मापनांच्या दिलेल्या अनिश्चिततांवरूनच काढलेली) ०.०४. पण तिसऱ्या मापनाचे वजन एकूणाच्या ६१ टक्के होते आणि दर स्वातंत्र्यांकामागे काय-वर्ग १३.७ येतो. दोन स्वातंत्र्यांकांसाठी ९९ टक्के पातळीची मर्यादा ४.६ आहे. सापेक्ष वजनाला मर्यादा घालण्याच्या रीतीत कुठल्याही एका मापनाला निम्म्याहून जास्त वजन देत नाहीत. त्यासाठी ०.०५ ची अनिश्चितता ०.०६२ पर्यंत वाढवावी लागते. सरासरी १२.७० होते, दर स्वातंत्र्यांकामागे काय-वर्ग अजूनही ११.४. ही सरासरी आणि बिनवजनी सरासरी १२.६२ आपापल्या अनिश्चिततांत एकमेकींना गाठतात, म्हणून भारित सरासरीच ठेवायची. मात्र सर्वांत अचूक म्हणवणारे १२.९० पट्ट्यात येईल इतकी अनिश्चितता वाढवायची. उत्तर १२.७० ± ०.२०. पहिल्या उत्तराच्या पाचपट अनिश्चितता पाहून पुष्कळांना वाईट वाटते, पण मापनांची खरी अवस्था हीच आहे.

आणखी दोन सूचना. एकाच गटाचे नवे मूल्य जुन्याच नोंदींवरून पुन्हा काढलेले असेल तर ती दोन मापने नव्हेत. जुने सोडून द्यावे. आणि सुसंगत मापनांतही सरासरीची अनिश्चितता त्यांतल्या सर्वांत लहान अनिश्चिततेच्या खाली सहसा आणू नये. सगळ्यांनी तेच प्रमाण स्रोत वापरलेले असतात, त्यामुळे सामाईक चूक सरासरीने कमी होत नाही.

प्रश्न: निकेल-६० ची पहिली पातळी १३३२.५०८ केईव्ही छापली आहे, पण गॅमाची ऊर्जा १३३२.४९२ आहे. छपाईची चूक?

नाही. गॅमा बाहेर पडताना अणुकेंद्राला उलटा धक्का बसतो आणि ०.०१६ केईव्ही तिथे जाते. गॅमा ऊर्जेचा वर्ग भागिले अणुकेंद्राच्या वस्तुमानाच्या ऊर्जेची दुप्पट, इतके सोपे सूत्र आहे. ११७३.२२८ साठी हा वाटा ०.०१२ येतो. म्हणून वरची पातळी दोन गॅमांच्या बेरजेची २५०५.७२० नसून २५०५.७४८ च्या आसपास असते. हलक्या अणुकेंद्रांत आणि मोठ्या ऊर्जेत ही दुरुस्ती विसरली तर सगळी पातळीरचना एका बाजूला सरकते.

प्रश्न: सापेक्ष तीव्रतेवरून दर शंभर क्षयांमागे किती गॅमा हे कसे काढायचे?

मूळ कल्पना एकच: प्रत्येक क्षय शेवटी तळपातळीला (अपत्याच्या सर्वांत खालच्या पातळीला) पोचतो. तळपातळीवर येणारी सगळी संक्रमणे, अंतर्गत रूपांतरणासह (गॅमाऐवजी अणूतला इलेक्ट्रॉन ती ऊर्जा घेऊन बाहेर पडणे), आणि थेट तळपातळीला जाणारा बीटा मिळून १०० व्हायला हवेत. समजा तळपातळीवर तीन गॅमा येतात, सापेक्ष तीव्रता १००, २४ आणि ६. पहिल्याचा रूपांतरण गुणांक (दर गॅमामागे असे किती इलेक्ट्रॉन) ०.०२, दुसऱ्याचा ०.००५, तिसऱ्याचा नगण्य. बेरीज १०२ + २४.१२ + ६ = १३२.१२. थेट बीटा १२ टक्के असेल तर गुणक ८८ भागिले १३२.१२, म्हणजे ०.६६६, पहिला गॅमा दर शंभर क्षयांत ६६.६. थेट बीटा शून्य धरला असता तर तोच ७५.७ झाला असता. सगळा तक्ता त्या एका गृहीतावर उभा असतो, आणि तळपातळीचा बीटा गॅमा मोजून दिसत नाही. तो शून्य धरायचा तर स्पिन-पॅरिटीवरून कारण दाखवा. नुसते 'आढळला नाही' पुरत नाही.

कमी ऊर्जेच्या संक्रमणात रूपांतरण विसरणे सर्वांत महाग पडते. लोह-६० चा क्षय कोबाल्ट-६० च्या ५८.६ केईव्हीवरच्या समघटक (बराच वेळ टिकणाऱ्या) पातळीत होतो. तिचे अर्धायुष्य १०.५ मिनिटे. ती जवळजवळ नेहमी खाली येते, पण गॅमा दिसतो फक्त सुमारे २ टक्के वेळा. बाकी ऊर्जा इलेक्ट्रॉन नेतात. गॅमा तीव्रतेलाच संक्रमण समजले तर तब्बल पन्नासपट चूक होईल.

मापनातला नेहमीचा दोष म्हणजे डिटेक्टर अगदी जवळ ठेवणे. मग एकापाठोपाठ निघालेले ११७३ आणि १३३२ एकाच वेळी नोंदले जातात, दोन्ही शिखरे खरी असायला हवीत त्याहून लहान दिसतात आणि २५०५ ला बेरजेचे शिखर उभे राहते. त्या ऊर्जेचा खरा थेट गॅमा जवळजवळ नाहीच. जुन्या निबंधात मोठा 'थेट' गॅमा दिसला तर आधी स्रोत डिटेक्टरपासून किती दूर होता ते बघा.

अनिश्चितता काढताना आणखी एक खाच: पहिला गॅमा स्वतःच बेरजेत आहे, म्हणून त्याची आणि गुणकाची अनिश्चितता स्वतंत्र समजून वर्गांची बेरीज केली तर ती विनाकारण फुगते. सहसंबंध धरून हिशेब करा. गॅब्ज ही आज्ञावली हेच काम करते.

प्रश्न: लॉग एफटीवरून स्पिन नक्की करता येते का?

एका बाजूने. लॉग एफटी हा बीटा संक्रमण किती सहज होते त्याचा लघुगणकी आकडा, लहान तितके सहज. ते ५.९ पेक्षा कमी असेल तर संक्रमण अनुमत (सहज होणाऱ्या प्रकारचे; याच्या उलट निषिद्ध) मानून स्पिनमध्ये ० किंवा १ चा फरक आणि पॅरिटी तीच, असा पक्का निष्कर्ष काढतात. उलट निघत नाही. कोबाल्ट-६० ची स्पिन-पॅरिटी ५ धन, निकेलच्या २५०५ पातळीची ४ धन. संक्रमण अनुमत आहे, तरी लॉग एफटी ७.५. मोठ्या आकड्यावरून 'निषिद्ध' म्हणणे इथे सपशेल चुकले असते.

लहान आकडाही दर वेळी खरा नसतो. क्षयऊर्जा मोठी असली की वरच्या दाट पातळ्यांतून शेकडो क्षीण गॅमा निघतात आणि जर्मेनियम डिटेक्टरला ते दिसत नाहीत. मग खालच्या पातळ्यांत येणारी भर कमी मोजली जाते, त्यांना जाणारा बीटा फुगतो आणि लॉग एफटी घसरते. हा परिणाम १९७७ मध्ये 'पँडेमोनियम' नावाच्या काल्पनिक अणुकेंद्रावर दाखवला गेला. पूर्ण शोषण करणाऱ्या मोठ्या डिटेक्टरचे मापन नसेल तर अशा तक्त्यातले बीटा आकडे कमाल मर्यादा म्हणून द्या, लॉग एफटी किमान म्हणून, आणि त्यांवरून ठरवलेली स्पिन कंसात, म्हणजे अजून पक्की नाही अशी, ठेवा. पारख सोपी आहे: गॅमा, बीटा, न्यूट्रिनो आणि इलेक्ट्रॉन यांच्या सरासरी ऊर्जांची बेरीज क्षयऊर्जेशी जुळवून बघा. बरीच कमी पडली तर तक्ता अपुरा आहे. मात्र बेरीज जुळली म्हणून तक्ता पूर्ण ठरत नाही. न दिसलेल्या गॅमांची ऊर्जा अशा वेळी बीटा आणि न्यूट्रिनोच्या खात्यात गेलेली असते.

प्रश्न: निबंधात अनिश्चितता दिलीच नसेल तर?

स्वतःच्या मनाने घालू नका. मूल्य 'सुमारे' म्हणून नोंदवा आणि सरासरीबाहेर ठेवा.